थोरल्या आबांच्या म्हशी मोजताना

आमच्या खापरपणजोबांना घरात अजून 'थोरले आबा' म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला माणूस. त्यांच्याबद्दल घरात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत: शंभर म्हशी होत्या, दोनशे एकर रान होतं आणि ते 'मेंबर' होते. कसले मेंबर, ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. पण २०१९ च्या महापुरात कृष्णामाई आमच्या माजघरात कमरेएवढी आली आणि माळ्यावर न्यायचा राहिलेला लाकडी पेटारा पाण्यात गेला.

मी ३१ वर्षं गावच्या दूध डेअरीचा सचिव होतो. सांगली जिल्हा, वाळवा तालुका, नदीकाठचं गाव. इतिहासाचं शिक्षण नाही, फॅट आणि डिग्री बघण्यात जन्म गेला. पण त्या पेटाऱ्याच्या निमित्तानं चार वर्षं खपून थोरल्या आबांचं ९० पानांचं चरित्र लिहून काढलं. आता भावकीतले आणि बाहेरचेही विचारतात, 'आमच्या म्हाताऱ्याचं पण असंच लिहायचंय, कसं करू?' जमीन, दुभतं आणि पुढारपण तिन्ही बाळगून असलेला असा एखादा म्हातारा आपल्याकडच्या बहुतेक गावांत होऊन गेलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा ओल्या कागदांचं, कारण तिथंच मी सगळ्यात मोठी चूक केली. पूर ओसरल्यावर सगळी बंडलं गच्चीवर उन्हात पसरली. संध्याकाळपर्यंत अकरा कागद उडदाच्या पापडासारखे वळले आणि घडीवर मोडले. कागद उन्हात घालायचा नाही. सावलीत, पंख्याखाली, धुतलेल्या सुती कापडावर किंवा टिपकागदावर ठेवायचा आणि कापड दर दोन-तीन तासांनी बदलायचं. खाली वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. एका दिवसात उरकणार नाही एवढा ढीग असेल तर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून थेट डीप फ्रीजमध्ये टाका, म्हणजे बुरशी धरत नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग डेअरीच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांशेजारी आमचं घराणं तीन आठवडे गोठून होतं. लॅमिनेशन कधीच करू नका. वाळलेल्या प्रत्येक कागदाचे मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि कागदाला नव्हे, पाकिटाला नंबर द्या.

कागद वाळत असतात तोवर माणसांकडं जायचं. उलट क्रमानं गेलात तर माणसं संपतात.

आमची आत्ती, वडिलांची धाकटी बहीण, तेव्हा ८७ वर्षांची होती. तिला मी आधी विचारलं, "आत्ती, थोरले आबा कसं होतं?" ती म्हणाली, "लई मोठा माणूस." संपलं. असल्या प्रश्नाला असलंच उत्तर मिळतं. दुसऱ्या खेपेला मी तिला जुन्या गोठ्यात घेऊन गेलो आणि विचारलं, "हितं म्हशी कुठं बांधायच्या?" मग ती तासभर बोलत होती. घुसळखांब कुठं होता, रवीचं दोर कोण ओढायचं, लोणी कुठल्या शिंक्यात ठेवायचं, तूप कढवलं की बेरीवरनं पोरांची भांडणं कशी व्हायची. बोलता बोलता म्हणाली, "दूध इकायचं नव्हतं बाबा. दूध आन् पूत इकू ने म्हनायचे. तूप इकायचं. तुपाला पाप न्हाई."

हे वाक्य मी वहीत तसंच लिहून घेतलं, तिच्याच बोलीत. तुम्हीही तसंच घ्या. कारण पुढचा सगळा हिशेब या वाक्यावर उभा राहिला. त्या काळात 'दुधाचा धंदा' म्हणजे तुपाचा धंदा. दूध चार कोस जायच्या आत नासतं. तूप बुधल्यात भरून बैलगाडीनं कुठंही जातं. तिकडं राणीच्या विलायतेत १८६४ ला जॉर्ज बारहॅमनं कंपनी काढून रेल्वेनं लंडनला दूध न्यायला सुरुवात केली. पुढच्या दोन वर्षांत लंडनमधल्या गोठ्यांत बुळकांडीनं गाई मेल्या आणि रेल्वेच्या दुधाचं तिथं चांगलंच फावलं. १८७८ मध्ये स्वीडनच्या दे लाव्हालनं साय काढायचं फिरतं यंत्र काढलं. आपल्याकडं त्या वर्षी रवीच फिरत होती. सरकारी लष्करी डेअरी हिंदुस्थानात पहिल्यांदा १८८९ ला अलाहाबादला निघाली, तीही गोऱ्या पलटणींसाठी. आपल्या म्हाताऱ्याला 'डेअरी उद्योजक' म्हणायच्या आधी हे ध्यानात ठेवा. माझा पुतण्या मुखपृष्ठावर तोच शब्द घालणार होता.

हेळवी तुमच्या गावाला येतात का, तेही चौकशी करून ठेवा. बैलावर बसून येणारे, घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे. आमच्याकडं काही वर्षांच्या अंतरानं येतात. त्यांच्या वहीत थोरल्या आबांच्या तिन्ही बायकांची नावं होती. घरात दोनच माहीत होत्या. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्यांची नोंद मिळते, कधी कधी स्वतःच्या हातची. मात्र वंशावळीत नावं असतात, तारखा बहुतेक नसतात.

तारखेसाठी मला पहिला धागा मिळाला तो आत्तीच्याच गळ्यात. तिच्याकडं राणीछाप रुपयांची माळ होती, आजीकडून आलेली. भिंग घेऊन बघा: १८७६ पर्यंतच्या रुपयावर राणीच्या नावापुढं 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ सालचा रुपया दिसला म्हणून तो त्याच वर्षीचा समजू नका, ते साल तसंच ठेवून टांकसाळीनं पुढं बरीच वर्षं रुपये पाडले. आमच्या माळेत १७ रुपये, त्यांतले १४ 'एम्प्रेस'. म्हणजे माळ झाली ती १८७७ नंतर, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ सरता सरता किंवा सरल्यावर. लोकांनी दागिने मोडले त्या दिवसांत आमच्याकडं दागिना घडला. हे मला त्या वेळी नुसतं शुभवर्तमान वाटलं होतं.

आता दप्तर. इथं सांगलीकरांचा हमखास घोटाळा होतो. वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० ला. त्यामुळं १९४९ च्या आधीचा कागद शोधताना 'जिल्हा सातारा' असंच धरायचं. मी सुरुवातीचे चार महिने एका कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या दारात घालवले, तिथं मला सांगायचे, 'जळालंय सगळं.' काही जळालं नव्हतं, मी चुकीच्या जिल्ह्याच्या नावानं अर्ज करत होतो. (खरोखर जळालेलंही पुष्कळ आहे. १९४२ च्या चळवळीत काही चावड्यांची दप्तरं पेटली, १९४८ ला कुलकर्ण्यांचे वाडे जळाले त्यांत त्यांच्या घरची दप्तरं गेली.) तुमचं गाव सांगली, मिरज किंवा जत संस्थानातलं असेल तर तुमची वाटच निराळी. तुमच्यासाठी संस्थानी दप्तर.

शोध आजच्या सातबाऱ्यावरून मागं मागं न्यायचा. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचे नंबर. प्रत्येक फेरफार काढायचा. तो आदल्या मालकाकडं नेतो, त्याचा फेरफार त्याच्या आदल्याकडं. मध्ये एक खड्डा लागतो: एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथं जुना नंबर कुठल्या गटात गेला याचा उतारा घेतल्याशिवाय पुढं सरकू नका, नाहीतर शेजाऱ्याच्या पूर्वजाचं चरित्र लिहून बसाल. जुने फेरफार आता सरकारनं स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर टाकलेत, तिथं आधी बघा. नसले तर तहसीलला नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. राणी वारली १९०१ ला. म्हणजे फेरफारावरून गेलात तर तुमचा म्हातारा नेमका निसटतो, त्याची पोरं सापडतात. त्याच्या आधीसाठी पहिल्या मोजणीचे कागद लागतात. सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं, त्यानंतर रयतवारी मोजणी झाली, ३० वर्षांच्या मुदतीनं सारा ठरला, मग फेरमोजणी. भूमी अभिलेखकडं आकारबंद मागा: सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, पोटखराबा (पिकाला न येणारी जमीन), आकार (म्हणजे सारा). जुनी खातेदारांची पत्रकं असतील तर नावं तिथं. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. कुणबी नोंदींच्या शोधापायी अलीकडं ही बुकं बरीच बाहेर आली आणि स्कॅनही झाली, त्याचा फायदा घ्या. शाळा जुनी असेल तर तिचं जनरल रजिस्टर. पाटीलकी असेल तर वतनाचे कागद. पाटलांचा वतनकायदा १८७४ चा, त्याखाली हक्कदारांच्या नोंदी झाल्या. इनाम असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार.

आमचा आकारबंद मिळाला. दोनशे एकर? ६१ एकर ११ गुंठे. त्यात १८ एकर गवताचं.

माझ्या थोरल्या भावानं दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलणं टाकलं.

मोडी

हे सगळं मोडीत आहे. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, तिथं आठ-पंधरा दिवसांत अक्षरओळख होते. वाचता यायला वर्ष लागतं. आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं लोंबकळत लिहिलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. कागदाच्या डोक्यावरचं 'मौजे' कळलं की पुढं गावाचं नाव. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'किता' म्हणजे वरच्यासारखंच. एका माणसाचं हस्ताक्षर एकदा बसलं की त्याचे पन्नास कागद सुटतात, म्हणून एकाच कुलकर्ण्याच्या हातचे कागद सलग वाचा, मिसळू नका. साल शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधला कागद असेल तर ७९. फसली, म्हणजे सरकारी महसुलाचं साल, असेल तर ५९०. फसली साल मृगाला बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१.

आणि आकड्यांपुढच्या उभ्या रेघा! इथं माझी जी शोभा झाली ती सांगतोच.

पेटाऱ्यात तुपाच्या बाजाराची एक चोपडी होती. तिच्या पहिल्याच पानावर मी वाचलं: 'तूप शेर ४११'. पुढच्या बाजाराला '३११'. मी हुरळलो. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'थोरले आबा दर बाजाराला चारशे अकरा शेर तूप पाठवत.' मुंबईच्या चुलत्यांनी अभिमानाचे हात जोडले. दोन महिने ही बातमी पै-पाहुण्यांत फिरत होती.

मग एका रात्री झोप येईना म्हणून डेअरीवाल्याच्या सवयीनं हिशेब घातला. म्हशीचं दूध, सात फॅट धरा. हातानं घुसळून, कढवून, बेरीत आणि ताकात जातं ते वजा जाता पक्क्या शेरभर तुपाला चौदा-पंधरा लिटर दूध लागतं. पक्का शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम. राणीचा एक रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणून जुन्या घरांत रुपयेच वजनं म्हणून वापरत. ४११ शेराला सहा हजार लिटर. आज आमच्या अख्ख्या गावाचं दोन वेळचं संकलन २,२०० लिटर आहे, तेही संकरित गाई, मुऱ्हा म्हशी आणि पोत्यातलं पशुखाद्य घालून. म्हणजे आजच्या गावाचं जवळजवळ तीन दिवसांचं दूध. एका वाड्यातून, दर आठवड्याला, १८८० च्या सुमारास, कडब्यावर? उठून दिवा लावला.

त्या उभ्या दोन रेघा म्हणजे अकरा नव्हेत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ४॥ म्हणजे साडेचार. आजीच्या किराणा यादीत मी लहानपणी हे शंभरदा बघितलं होतं, 'गूळ २॥ शेर'. तरी चुकलो, कारण मला चारशे अकरा वाचायचं होतं.

साडेचार शेराला आठवड्याचं ६५ लिटर दूध, दिवसाला नऊ-साडेनऊ. ते मात्र गोठ्याशी जुळतं. आत्तीनं दाखवलेल्या जुन्या गोठ्यात दावणीच्या दगडांना कोरलेली भोकं आहेत, दोर ओवायची. कडा दोरानं घासून गुळगुळीत झाल्यात, बोट फिरवलं तर काचेसारख्या लागतात. मोजली, बारा. बारा म्हशींत एका वेळी सहा दुभत्या, बाकी गाभण नाहीतर भाकड. त्या काळची म्हैस रेडकाचं सोडून तीन-साडेतीन लिटर देणार. वीस लिटर. निम्मं घरात, निम्म्याचं तूप.

शंभर म्हशींचा हिशेबही तसाच घालून बघा. रोजचा सहा किलो कडबा धरला तर वर्षाला २१९ टन. जिराईत शाळूचा कडबा एकरी टन-दीड टन. नुसत्या वैरणीला दीडशे-दोनशे एकर पाहिजे, माणसांनी खायचं काय? तुमच्या घरातही असा 'शंभर' असेलच. त्याला वैरण घाला, बघा किती उरतात.

पण थांबा, लगेच आत्तीला खोटं पाडायला जाऊ नका. मी गेलो. ती म्हणाली, "आरं, समद्या हितं न्हवत्या रं. निम्म्यानं दिलेल्या." परत पेटारा उपसला. चोपडीच्या मागच्या बाजूनं, उलटी धरून लिहिलेली यादी निघाली: म्हैस निम्म्यानं. २३ घरं. म्हैस आबांची, राखणार तो, दूध राखणाऱ्याचं, तूप काही आबांना, व्यायली की रेडकाची किंमत निम्मी निम्मी. बारा आणि तेवीस, पस्तीस. शंभर नव्हेत, पण गावात ज्याच्या पस्तीस म्हशी कुणाकुणाच्या दाव्याला आहेत त्या माणसाला लोक शंभर म्हशींचा म्हणणारच. घरची गोष्ट खोटी निघाली म्हणून फेकू नका. ती कशाची वाढवलेली आहे ते शोधा.

मेंबर

'मेंबर' हा शब्द आमच्याकडं ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत चालतो. राणीच्या काळात त्याचे अर्थ मोजके होते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८६२ पासून काही देशी माणसं होती, पण ती सरदार, संस्थानिक, शेठसावकार. तिथं तुमचा पाटील बसला असण्याची आशा सोडा. नगरपालिका असलेलं गाव असेल तर तिथं बघा. नाहीतर उरतं ते लोकल बोर्ड. व्हाइसरॉय रिपनसाहेबाचा ठराव १८८२ चा, मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. जिल्ह्याचं एक, तालुक्याचं एक, काही सभासद निवडलेले, काही सरकारनं नेमलेले, आणि जिल्हा बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टर. पैसा कुठला? साऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड. साऱ्याच्या जुन्या पावतीवर तो वेगळा लिहिलेला दिसतो. काम काय? रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा, देवी टोचणं.

पुरावा म्हणून सरकारी गॅझेटच्या जुन्या फायली चाळता येतात, पण आधी घरातली पत्रं बघा. आमच्याकडं तालुक्याच्या बोर्डाच्या बैठकीला हजर राहा असं सांगणारी तीन पत्रं निघाली, १८८७ आणि १८८८ ची. मग गावात हिंडा. जुन्या विहिरीच्या काठाचा, धर्मशाळेच्या चौकटीवरचा दगड घासून बघा. पाणी आणि मऊ ब्रश, तारेचा ब्रश नको. तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या सुमारास अक्षरं उठतात.

बोर्डाच्या काळात आमच्या गावाचा बाजारचा रस्ता झाला. घरात ही थोरल्या आबांची मोठी कामगिरी. नकाशा काढून बघितला: जुनी गाडीवाट सरळ जात होती, नवा रस्ता वळसा घेऊन आमच्या गवताच्या कुरणाला खेटून जातो. तूप आणि वैरण दोन्ही थेट गाडीत. मी दोन्ही लिहिलं, रस्ता झाला हेही आणि वळसाही. आजही एसटी तिथं वळताना चालक कुणाला तरी शिव्या देतो.

सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८५ चं आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतलं १९ वं. ते जरूर वाचा, पिकं, बाजार, गुरं, रस्ते, सगळं आहे. आपल्या माणसाचं नाव त्यात शोधायला जाऊ नका, त्याच्या भोवतीचं जग शोधा. रेल्वे येण्याआधीचं जग ते. त्यानंतर पाचेक वर्षांत पुणे-मिरज गाडी सुरू झाली आणि कुंडल रोड, भिलवडी अशी स्टेशनं झाली. १९३९ ला चितळ्यांनी डेअरी काढली ती भिलवडीलाच.

गहाणखतं

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच सांगतोय तिथं आलो. पेटाऱ्यातल्या एका रुमालात नऊ गहाणखतं होती, राणीच्या मुखवट्याच्या स्टँपावर. थोरले आबा सावकारी करत होते हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला, लोकांनी सावकारांचे रोखे जाळले, मग १८७९ ला शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना पहिल्यांदा लागला. शाळेत हे शिकवताना सावकार म्हटला की मारवाडी-गुजराती डोळ्यांपुढं येतो. आपला पाटील आपल्याच भावकीला पैसे देऊन रान लिहून घेत होता, हे पुस्तकात सहसा नसतं. आमच्या रुमालात होतं. नऊपैकी पाच कागद १८७७ आणि ७८ चे. दुष्काळ. मला ती सतरा रुपयांची माळ आठवली.

त्यातली पाच रानं परत गेलीच नाहीत. आकारबंदातल्या ६१ एकरांतली १४ एकर ती. आणि निम्म्यानं म्हैस दिलेल्या २३ घरांची यादी शेजारी ठेवली तर गहाण ठेवणारी नऊच्या नऊ घरं त्यात होती. व्याजापोटी तूप घेतल्याच्या नोंदी होत्या. म्हणजे चोपडीतलं साडेचार शेर तूप सगळं आमच्या बारा म्हशींचं नव्हतंच. माझा बारा म्हशींचा सुंदर हिशेब तिथं थोडा कोसळला, तोही पुन्हा लिहिला. जमीन, दुभतं आणि बोर्डातली खुर्ची हे आम्ही तीन प्रकरणांत लिहिणार होतो. तो एकच धंदा होता, म्हणून एकाच प्रकरणात लिहिला.

असं काही निघालं तर काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: लिहायचं. पण तीन पथ्यं पाळा. कागदात जेवढं आहे तेवढंच लिहा. आबा निर्दय होते का दयाळू हे गहाणखत सांगत नाही. त्या व्यवहाराला तेव्हाचा कायदा काय म्हणत होता तेही शेजारी लिहा. आणि छापायच्या आधी त्या घरातल्या माणसाला मजकूर वाचून दाखवा. जिवंत माणसांची नावं मी पुस्तकात घातली नाहीत, घराणीही नाहीत, सर्व्हे नंबर घातले. गावाला कळायचं ते कळतंच.

पुढचं सांगायलाच नको: कुळकायद्यात, १९५७ ला, त्या १४ एकरांतली ९ एकर कसणाऱ्यांच्या नावावर झाली, म्हणजे ज्यांची होती त्यांच्याच नातवांच्या. फेरफार नंबरासकट लिहिलंय. भाऊ म्हणाला, "हे तरी गाळ." गाळलं नाही. मात्र त्याचं म्हणणं तळटीपेत दिलं, त्याच्या शब्दांत.

छपाईचं थोडक्यात. इस्लामपुरात डीटीपी करून घेतलं, ४० प्रती, साधं बाइंडिंग. फोटोंना चांगला कागद, बाकीला साधा. मोडी कागदाचा फोटो एका पानावर आणि देवनागरी समोरच्या पानावर द्या, म्हणजे तुमची चूक पुढचा कुणी पकडू शकेल. शेवटी दहा पानं कोरी सोडा, आत्तीसारखं कुणी काही सांगितलं की लिहायला. मूळ कागद आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत, उभ्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. किती वर ते २०२१ च्या पुरानं पुन्हा दाखवलं. आम्ही आता सात फुटांवर ठेवतो.

ज्यांची रानं परत गेली नाहीत त्या पाचांपैकी एका घरचा माणूस माझ्याच वयाचा आहे. मी सचिव होतो तेव्हापासून रोज सकाळी डेअरीत दूध घालतो, आता त्याचा मुलगा घालतो पण हा सोबत येतोच. पुस्तक छापायला टाकायच्या आधी डेअरीच्या ओट्यावर बसून मी त्याला ते प्रकरण वाचून दाखवलं. मशीनवर त्याच्या दुधाचं फॅट आलं होतं, ६.८. तो पावतीकडं बघत ऐकत होता. वाचून झालं तसं म्हणाला, "आमच्या आज्यानं सांगितल्यालं हुतं मला. लिंबाखालचं रान. तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

मी म्हटलं, नव्हतं.

"सर्वे नंबर चुकलाय एक," तो म्हणाला. "ओढ्याकडचा लिवलायसा. आमचा त्याच्या वरला."

घरी जाऊन नकाशा काढला. त्याचंच बरोबर होतं. दुरुस्त करून मग छापायला दिलं.